हरकत असल्यास शुक्रवारी दुपारी बारापर्यंत

घरातलं शेंडेफळ म्हणून तिला सगळे छोटी म्हणत, आणि चौपन्नावं वर्ष लागलं, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी ती छोटीच राहिली. परदेशातल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेत ती सत्तावीस वर्षं नोकरीला होती. नातेवाइकांची समजूत अशी की जगातली भांडणं आपली छोटी मिटवते. खरं तर छोटी ती भांडणं नुसती लिहून काढत असे. पन्नास देशांचे प्रतिनिधी गोल टेबलाभोवती बसून बोलत आणि छोटी कोपऱ्यात बसून सभेचं इतिवृत्त तयार करी.

तयार करी म्हणजे काय, तर बोललेलं सगळं धुऊन, पिळून, इस्त्री करून ठेवी. एकदा एका प्रतिनिधीनं दुसऱ्याला तोंडावर खोटारडा म्हटलं, दुसऱ्यानं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला, आणि तिसऱ्यानं बाहेर जाताना दार असं काही लावलं की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. छोटीनं लिहिलं, 'चर्चा मनमोकळी झाली. एका सदस्यांना अन्य कामामुळे लवकर निघावे लागले.' दुसऱ्या दिवशी तिघांनीही येऊन तिचे आभार मानले. तिचे विभागप्रमुख, एक उंच, वाकलेले, सदा सर्दी झालेले गृहस्थ, म्हणाले, "बाई, तुमच्या कागदात माणसं आहेत त्यापेक्षा शहाणी दिसतात. हीच आपली सेवा." त्या दिवसापासून छोटीला सगळ्या अवघड सभा मिळू लागल्या.

या नोकरीत स्वतःचं मत असून चालत नाही, आणि सत्तावीस वर्षं चालवलं नाही की ते पुढं पुढं उगवतही नाही. कँटीनमध्ये कुणी विचारलं, सूप कसं आहे, तर छोटी म्हणे, "काहींना आवडेल." हिशेब विभागातल्या एका भल्या माणसानं तिला लग्नाचं विचारलं होतं. तिनं सांगितलं, दोन्ही बाजू विचारात घेण्यासारख्या आहेत. तिचा विचार होईतो त्यानं भाषांतर विभागात लग्न उरकून टाकलं. ती राहत होती त्या इमारतीत तळघरात एकच कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि दारावर पाळ्यांचा तक्ता होता. मंगळवारी सहा ते आठ छोटीची पाळी. शेजारची म्हातारी दर मंगळवारी सहाच्या ठोक्याला आपलं बोचकं घेऊन तिथं हजर असे. छोटी अकरा वर्षं बेसिनमध्ये कपडे धूत होती आणि जिन्यात भेटली की त्या म्हातारीला हसून नमस्कार करत होती.

अशा बाईच्या हाती घरच्यांनी आईचा प्रश्न दिला.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आई एकोणऐंशीची, एकटी, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. डावा गुडघा गेलेला. दर रविवारी तिघं भावंडं आणि आई व्हिडिओवर जमत. दादा थोरला, वीज खात्यातून निवृत्त झालेला, आवाज अजून खात्यातलाच. त्याचं म्हणणं, आईनं आपल्याकडे यावं आणि जागा विकून मोकळं व्हावं. ताई मधली, शाळेची मुख्याध्यापिका. तिचं म्हणणं, चार-चार महिने सगळ्यांनी वाटून घ्यावं.

"वाटून? आई म्हणजे काय चाळीतली शिडी आहे, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे?" दादा गरजायचा.

"आणि तू काय करणार आहेस? तिला नेऊन टीव्हीसमोर बसवणार. वहिनीला विचारलंस का?"

वहिनी पडद्यावर दिसत नसे, पण मागं भांडी जोरात वाजत. मग दोघं एकदम म्हणत, "छोटी, तू सांग!" आणि छोटी घसा साफ करून म्हणे, "दोघांच्याही मुद्द्यांत तथ्य आहे." आई थोडा वेळ काहीतरी बोलू पाही, मग "गॅसवर दूध आहे" म्हणून उठून जाई.

चौदा महिने हे गुऱ्हाळ चाललं. शेवटी छोटीला ऑफिसमधली एक युक्ती आठवली. तिथं एखाद्या गोष्टीवर एकमत होईना, की ठरावाचा मसुदा सगळ्यांकडे धाडून देतात आणि खाली मुदत लिहितात. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, की ठराव संमत. कुणी रजेवर असतं, कुणाला कंटाळा आलेला असतो, कुणाचा कागद फायलीखाली गेलेला असतो, आणि जगाचा गाडा पुढं सरकतो.

"म्हणजे न बोलता ठरतं?" दादानं विचारलं. "आपल्याकडे बोलूनसुद्धा ठरत नाही."

"म्हणूनच," छोटी म्हणाली.

सोमवारी तिनं घरच्या ग्रुपवर मजकूर टाकला. 'आईने पुढील महिन्यापासून दादाकडे राहावे व सध्याची जागा विकावी, असा प्रस्ताव आहे. हरकत असल्यास शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवावे. हरकत न आल्यास प्रस्ताव संमत समजण्यात येईल.' प्रस्ताव दादाचाच का, तर तो आधी मांडला गेला होता. यात छोटीचं मत असं काही नव्हतं.

दादा गप्प बसला, कारण त्याचं घोडं पुढं दामटलं जात होतं. ताईनं छोटीला वेगळा फोन करून पाऊण तास कुरकुर केली, पण ग्रुपवर अक्षर लिहिलं नाही. हरकत घेतली असती तर दादानं म्हटलं असतं, मग तूच ने. वहिनीची भांडीसुद्धा वाजेनाशी झाली. आणि आई? आईनं मजकूर वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि मग काहीच नाही. ती रोज सकाळी न चुकता सगळ्यांना एका फुलाचा फोटो पाठवत असे, तोही मंगळवारपासून बंद झाला. शुक्रवारी बाराचे टोले पडले आणि छोटीनं लिहिलं, 'हरकत न आल्याने प्रस्ताव संमत. सर्वांचे आभार.' गड जिंकल्यासारखं वाटून तिनं त्या दिवशी जेवणानंतर केकचा तुकडाही घेतला.

रविवारी आई व्हिडिओवर आलीच नाही. दादाचा फोन उचलेना, ताईचा उचलेना, छोटीचाही उचलेना. दादानं घाबरून तळमजल्यावरच्या काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, "अहो, ठणठणीत आहेत की! आत्ता पेपरवाल्याशी अर्धा तास बोलल्या. तुमचा फोन वाजला की नाव बघतात आणि पालथा घालून ठेवतात."

"मग संमती दिली कशाला?" दादा ग्रुपवर चिडला.

'दिली नाही,' छोटी लिहू लागली, 'गप्प बसली.' आणि लिहिलेलं तिनं पुन्हा एकदा वाचलं. आई गप्प बसली, म्हणजे काय, हे या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ती नऊ वर्षांची असताना बाबांनी आईचं शिवणयंत्र तिला न विचारता एका लांबच्या भाचीला लग्नात देऊन टाकलं होतं. आईनं आवाज चढवला नाही. तिनं अबोला धरला. सतरा दिवस घर छोटीच्या तोंडून चाललं. आई म्हणे, "सांग तुझ्या बाबांना, ताट वाढलंय, गिळा म्हणावं." छोटी बाहेर जाऊन सांगे, "बाबा, आई जेवायला बोलावतेय." बाबा म्हणत, "सांग तुझ्या आईला, एवढं आकाश कोसळलेलं नाही." छोटी आत येऊन सांगे, "आई, बाबा म्हणतायत, चुकलं." अठराव्या दिवशी बाबा भाचीच्या घरी गेले, चार माणसांसमोर मान खाली घातली आणि यंत्र टांग्यात घालून परत आणलं. ते त्या घरात खिडकीखाली अजून होतं, आणि आई अजून त्याच्यावर उशांचे अभ्रे शिवत होती. त्याच घराला आणि त्याच बाईला छोटीनं 'संमत' असा शिक्का मारला होता. सर्वांचे आभारही मानले होते. छोटीला स्वतःची लाज वाटली, इतकी की ती खुर्चीवरून उठून उगाच खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

सोमवारी सभेच्या मधल्या सुट्टीत ती कॉफीच्या यंत्राशेजारी गेली आणि तिनं काकूंना फोन लावला. "काकू, जरा वर जाऊन आईला फोन देता?"

काकू धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. मग कुजबुज झाली. "त्या म्हणतायत, त्या घरात नाहीत."

"तिला सांगा, माझी हरकत आहे."

"विचारतायत, कशाला?"

"दादाकडे जायला. जागा विकायला. त्या सगळ्याच कागदाला."

मग फोन आईच्या हातात आला. "मुदत संपली ना तुझी? शुक्रवारी बारा वाजता?"

"संपली. मी चुकले, आई." हे वाक्य छोटीनं आयुष्यात अनेकांच्या वतीनं सांगितलं होतं, स्वतःच्या वतीनं पहिल्यांदाच. "आई, तुला काय हवंय?"

"आत्ता विचारलंस," आई म्हणाली. "दादा विचारतो, कधी येतेस. ताई विचारते, आधी कुणाकडे जातेस. तू विचारतेस, हरकत आहे का. काय हवंय, ते एकानं विचारलं नाही गं."

"मग सांग ना."

"काकू पुढच्या महिन्यात लेकीकडे जातायत, कायमच्या. त्यांची खालची जागा मी भाड्यानं घेते आणि वरची माझी देते कुणाला तरी. त्यांच्याशी बोलणं झालंय. माझं शिवणयंत्र तेवढं खाली न्यायला चार माणसं लागतील. बाकी मला तुमच्याकडून काही नको."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. दर रविवारी. तुम्ही तिघं बोलायचं थांबलात तर ऐकू येईल."

छोटीनं तिथंच, उभ्या उभ्या, सगळ्यांना व्हिडिओवर घेतलं. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते काही नाही. ठराव संमत झालाय. तुझ्याच हातचा कागद आहे."

आणि मग जे झालं ते ऑफिसच्या त्या इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं. छोटी ओरडली. घसा फाटेपर्यंत, मराठीत. "कागद गेला खड्ड्यात! आईचा एवढा पुळका आहे ना तुला? मग दोन वर्षांत ते तीन जिने किती वेळा चढलास?"

"तू कोण मला सांगणारी? सत्तावीस वर्षं परदेशात जाऊन बसलीस!"

"बसले नाही, राबले! आणि तुझ्यापेक्षा जास्त वेळा घरी आले, मोज!"

"छोटी, अगं हळू," ताई मध्ये पडली.

"तू तर बोलूच नकोस! चार-चार महिने म्हणे! पाऊण तास माझे कान खाल्लेस आणि ग्रुपवर मिठाची गुळणी धरून बसलीस!"

प्रतिनिधी हातात कप घेऊन बाहेर आले होते आणि भिंतीला चिकटून उभे होते. विभागप्रमुख रुमाल नाकाला लावत लगबगीनं पुढं आले आणि हळूच म्हणाले, "बाई, सगळं ठीक आहे ना?"

"नाही," छोटी म्हणाली. एवढं स्पष्ट उत्तर त्यांना तिच्याकडून कधी मिळालं नव्हतं. ते दोन पावलं मागं सरले.

आणखी दहा मिनिटं खणाखणी झाली. सगळी जुनी उणीदुणी निघाली, कुणाच्या लग्नात कोण उशिरा आलं इथपर्यंत. शेवटी दादाचा आवाज उतरला. "बरं बाई, बरं. राहू दे तिला तिथं. काकू गेल्या की ती चार माणसं मी घेऊन येतो. रविवारी." मागून वहिनी स्पष्ट म्हणाली, "चहा मी करीन सगळ्यांना." ताईनं डोळे पुसले आणि शाळेत तपासणी आहे म्हणून फोन ठेवला. दादाही गेला.

राहिल्या आई आणि छोटी. आई पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"रडतेस का गं?" छोटीनं विचारलं.

"रडत नाही. बरं वाटलं." आईनं पदराचं टोक सोडलं. "इतकी वर्षं फोनवर पाहुण्यासारखी गोड गोड बोलायचीस. मला वाटायचं, ही गेली आता. तिकडचीच झाली. आज कशी भांडलीस, घरच्यासारखी."

सभा पुन्हा सुरू होत असल्याची घंटा वाजली. प्रतिनिधी आत गेले, दार लागलं, कोपऱ्यातली तिची खुर्ची रिकामीच राहिली. आई शिवणयंत्र तळमजल्यावर कुठल्या भिंतीला ठेवायचं ते सांगू लागली होती. छोटीला तिथं फार अंधार येईल असं वाटलं, आणि तिनं तसं सांगितलं.