ओढणीच्या गाठीतला सब्जा

पोरीचा आवाजच बंद झाला. आत्ता तर मांडीवर बसून ओढणीचं टोक चघळत हुती, आन एकदम डोळं मोठं करून माझ्याकडं बघाय लागली, तोंड उघडं, पन आवाज न्हाय, श्वास न्हाय, ओठ काळंनिळं पडाय लागलेलं. एसटी शेळगाव सोडून बारामतीकडं निघालेली. मी तिला हालवत हुते, नुसती हालवत हुते, दुसरं काय करायचं ते सुचंना. ओढणीच्या टोकाची गाठ बघितली तर फुटलेली, सगळी बुळबुळीत, आन मला कळलं पोरीनं काय खाल्लंय.

मागच्या बाकावर भाजीच्या पाट्या घेऊन एक मावशी बसलेली. ती उठली.

"आगं ए बया, तू नंतर रड. पोरगी दे हिकडं."

हिसकावूनच घेतली. हातावर पालथी टाकली, डोकं खाली, आन पाठीत तळव्यानं दणकं द्यायला लागली. एक, दोन, तीन. मी मोजत हुते का रडत हुते ठाव न्हाय. पाचव्या का सहाव्या दणक्याला पोरीच्या तोंडातनं एक गोळा पडला, मावशीच्या तळव्यावरच, आन पोरीनं असा टाहो फोडला की डायव्हरनं वळून बघितलं.

कंडक्टर म्हणाला, "गाडी थांबवू का? दवाखाना गाठायचा का?"

"चालू द्या," मावशी म्हणाली. "रडती हाय म्हंजी श्वास हाय. बारामतीत न्हेऊन दाखवंल ती." मग हातातला गोळा बघून मला म्हणाली, "काय चारलंस गं हिला? बेडकाची अंडी दिसत्यात."

"सब्जाचं बी हाय मावशी. गाठीत बांधलं हुतं."

"सरबतच पाजायचं हुतं तर घरी जाईस्तवर तरी थांबायचं."

मागची दोघं-तिघं हासली. मावशीनं हात खिडकीकडं न्हेला, गोळा फेकायला, आन मी तिचं मनगट धरलं.

"टाकू नका."

ती माझ्याकडं बघतच राह्यली. "पोरगी मरता मरता वाचली, आन तुला बियांचं पडलंय व्हय?"

पोरीला तिच्याकडनं घेऊन छातीशी धरली, आन दुसऱ्या हातानं पिशवीतल्या जेवणाच्या डब्याचं झाकण पुढं केलं. तिनं गोळा झाकणात टाकला आन तोंड फिरवून बसली. मला लाज वाटली. पन ते बी तेवढंच हुतं, पुन्हा मिळणार नव्हतं.

माझी अम्मा गेल्या थंडीत गेली. शेळगावात आमच्या मोरीजवळ तिचा सब्जा असायचा, मी जन्मायच्या आधीपास्नं. कुणाचा कान दुखला की पानाचा रस, उन्हाळी लागली की भिजवलेलं बी, आन गुरुवारी कुणाच्या ना कुणाच्या कबरीवर टाकायला चार डहाळ्या. शेजारपाजारची समदी तिच्याकडनंच न्ह्यायची. ती गेली आन घरापुढं फरशी केली, त्यात सब्जा गेला. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. ध्यानात आलं तवा अब्बा कबरस्तानातनं आले हुते आन म्हणाले, समद्यांच्या डोक्याशी सब्जा हाय, तिच्याच न्हाय.

अब्बांना फडताळात वाळलेली एक काडी घावली, मंजिऱ्यांसकट. त्यातलं अर्धं बी त्यांनी सोता पेरलं, पन ज्वारी पेरल्यासारखं, चांगलं बोटभर खोल. काय उगवलं न्हाय. मग उरलेलं मला दिलं. चिमूट-दोन चिमूट. म्हणाले, "तुझा हात तिच्यासारखा हाय. रोप कर, मी न्हेऊन लावतो. पन बाजारचं बी नको. तिचंच पायजे." आमच्याकडं बायका कबरस्तानात जात न्हाईत. मला जे करता यायचं ते एवढंच हुतं.

मी आठवीतनं शाळा सोडलेली, पन एवढं तरी कळाय पायजे हुतं. सव्वा वर्षाची पोरगी दात येत असताना ओढणी चघळती, आन सब्जाचं बी ओलं झालं की फुगतं. कागदाची पुडी करायची सोडून मी अम्मासारखी गाठ मारली. अम्मा सगळं गाठीतच बांधायची.

बारामतीत उतरल्या उतरल्या पोरीला दवाखान्यात न्हेली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, घसा बघितला, म्हणाल्या, साफ हाय, पन परत असलं हुता कामा नये.

जळोचीला घरी आले. सासूबाईंनी समदं ऐकून घेतलं. आधी पोरीची दृष्ट काढली, तिला कुशीत घेतली, मग झाकणाकडं बघितलं.

"आन हे काय करणारेस?"

"पेरणार हाय, अम्मी."

"पोरीच्या तोंडातलं हाय ते. उष्टं. कबरीवर उष्टं चढवत्यात का कुठं? टाकून ये मागं."

रागानं न्हाय म्हणाल्या. माझ्या अम्माच्या काळजीनंच म्हणाल्या, म्हणून तर मला उलट बोलता येईना.

टाकायला म्हणून मागं गेले. टाकीच्या मागं तेलाचा अर्धा कापलेला डबा हुता, तळाला भोकं पाडलेला, मिरची लावायला ठेवलेला. त्यात माती हुती. मी वरची माती हातानं बारीक केली, शेळीच्या लेंड्या चुरून घातल्या. अम्मा सब्जाचं बी पुरायची न्हाय. वर भुरभुरायची, तळव्यानं दाबायची, वर ओलं बारदान. म्हणायची, ह्याला उजेड दिसला पायजे, बारदान पातळ घ्यायचं. आता ते भुरभुरंना, चिकटलेलं. काडीनं एकेक दाणा सोडवून ठेवला. त्यात पोरीची लाळ, मावशीच्या हाताची मेथीची माती, समदंच हुतं.

पाच दिवस काय न्हाय. सहाव्या दिवशी बारदान उचललं तर हिरवं. इवली इवली दोन दोन पानं, मोजली तर एकवीस. मी तितंच खाली बसले. पोरीला दाखवलं तर ती हात घालाय बघती. तिचा हात धरून ठेवला आन दोघी बघत बसलो.

महिन्यानं रोपं वीतभर झाली तवा सासूबाईंना वास आला. टाकीमागं आल्या.

"सब्जा? कुठलं बी गं?"

"बाजारचं," मी म्हणले. तोंडातनं निघूनच गेलं.

"चांगलं केलंस," म्हणाल्या, आन त्या दिवसापास्नं त्याच पाणी घालाय लागल्या. पोरीचा कान दुखला तवा त्यांनीच दोन पानं कुस्करून कानामागं रस चोळला.

मग एका शुक्रवारी अब्बा रोप न्ह्यायला आले. चहा झाला. सासूबाईंनी सोता डबा उचलून पुढं आणला, कवतिकानं.

"घ्या भाईसाब. बाजारचं बी हाय, पन काय फोफावलंय बघा."

अब्बांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं.

"बाजारचं?"

सासूबाई पण माझ्याकडं बघाय लागल्या. अम्माचं हाय म्हणावं तर उष्टं निघतं, बाजारचं म्हणावं तर अब्बा न्हेणार न्हाईत. मी एक पान तोडलं, बोटात चुरगाळलं आन अब्बांच्या नाकाजवळ धरलं.

अब्बांनी वास घेतला. परत घेतला. मग माझं बोट तसंच धरून बसले, लई येळ. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आन पोरीला घेऊन आत गेल्या. त्यांना कळलं का न्हाय, अजून विचारायचं धाडस झालं न्हाय.

अब्बा डबा काखेत मारून एसटीला गेले. आता फोनवर सांगत्यात, मंजिऱ्या आल्यात, पांढऱ्या-जांभळ्या, मधमाशा येत्यात. "तुझ्या अम्माला वास जात असंल बघ," म्हणत्यात, आन मी व्हय म्हणते.

बी कुणाच्या तोंडातनं आलंय ते त्यांना अजून ठाव न्हाय. कधी वाटतं, नातीच्या तोंडातलं अम्माला उष्टं कसं व्हईल, तिनं तर माझ्या ताटातलं उरलेलं रोज खाल्लं. कधी वाटतं, सासूबाई म्हणत्यात तेच खरं असलं तर?

तुमी माझ्या जागी असता तर सांगितलं असतं का अब्बांना?