बाबांनी ओतलेलं शिसं

आई गेल्यावर बाबा वर्षभर गावच्या घरी एकटेच राहिले. शेवटी हट्ट करून मी त्यांना इथे आखातात, रुवैसला घेऊन आले. चार महिन्यांसाठी, असं त्यांना सांगितलं होतं. माझ्या मनात मात्र कायमचंच होतं. पण तसा विषय काढला की ते सरळ उठून फिरायला जायचे.

गावी डुकरं भातात शिरायची, म्हणून बाबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिच्या शिशाच्या गोळ्या ते घरीच ओतायचे. त्या गोळ्यांचा सांडशीसारखा लोखंडी साचा त्यांनी कानटोपीत गुंडाळून बॅगेतून आणला होता. विमानतळावर कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, देव जाणे. "जावईबापूंच्या गळाला वजनं करून देतो," म्हणाले. माझा नवरा दर सुट्टीला समुद्रावर हामूर मासे धरायला जातो आणि गळाची सगळी वजनं खडकांना अर्पण करून रिकाम्या हाताने परततो. तो लगेच टायरच्या दुकानातून चाकांच्या बॅलन्सिंगला लावतात ती शिशाची जुनी वजनं डबाभर घेऊन आला. "ले जाओ हबीबी," म्हणून दुकानदाराने ती अशीच दिली होती.

मागच्या अंगणात शेगडी मांडली. काही वजनं वितळेनात, म्हणून बाबांनी आच वाढवली. भांड्यातलं शिसं रव्याच्या खिरीसारखं दाटून आलं. त्यांनी ते पळीने साच्यात ओतलं, तर गोळी निघाली सुरकुतलेली आणि अर्धवट. पुढच्याही तशाच. दुपार झाली तरी एक गोळी धड निघेना. बाबांनी पळी खाली ठेवली आणि आपल्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत बसले.

"हात गेला गं माझा," ते म्हणाले. "आता गावी एकटा राहून काय करणार? राहतो इथेच, तुझ्याकडे."

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

पसारा आवरताना डब्यात उरलेल्या एका वजनावर 'Zn' अशी जस्ताची खूण दिसली. मी इथल्या शाळेत केमिस्ट्री शिकवते, तरी सकाळपासून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. हल्ली ही वजनं जस्ताचीही करतात. मंद आचेवर जस्त शिशावर तरंगतं, ते काढून टाकता येतं. आच वाढवली की तेही वितळतं आणि अख्खा घाणा बिघडतो. मी गप्प बसले असते तर बाबा राहिले असते. पण असे, खांदे पाडून बसलेले बाबा मला नको होते.

"बाबा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. हे नुसतं शिसं नाहीये, यात जस्त आहे."

आम्ही उरलेलं एकेक वजन पकडीत दाबून पाहिलं. दबलं ते शिसं, न दबलं ते बाजूला. नवं भांडं चढवलं. हात तसाच थरथरत होता, पण साच्यातून गोळी पडली ती गोल, चकचकीत. बाबा मोठ्याने हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी अजून ठणठणीत आहे की! मग पुढच्या महिन्याचं तिकीट बघ. राहीन मी एकटा."

मला रडू फुटलं. बाबा इतके खुशीत होते की, मी आनंदानेच रडतेय असं त्यांना वाटलं. थोडं ते खरंही होतं.