गोपाळचं साल

मलकापूरच्या स्टेशनाबाहेर भगवंतरावांचं फराळाचं हॉटेल होतं. गाडी थांबली की गरम कचोरी पानात बांधायची आणि गाडी हलायच्या आत उतारूच्या हातात द्यायची, असं धावपळीचं काम. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. आसपासच्या हॉटेलांत माणूस टिकत नसे. भगवंतराव मात्र शेतावर सालदार ठेवतात तसा कढईवरचा माणूस ठेवत. पाडव्याला साल ठरवायचं ते पुढच्या पाडव्यापर्यंत. मधे जायचं नाही.

वरवट बकालचा गोपाळ असाच आला. किडकिडीत, अबोल, पण त्याची कचोरी अशी फुगायची की स्टेशनातले हमालसुद्धा तीच मागायचे.

दिवाळीच्या तोंडावर तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "काकू, घरी पोरगी झाली. पाहून येतो म्हणतो. मालकाले तुमी सांगा ना."

"सांगतो," भगवंतरावांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या.

पण त्यांनी सांगितलं नाही. सणाची गर्दी, कढई कोण सांभाळणार? मालक भोळे, एका शब्दात हो म्हणतील, ही त्यांना भीती. संध्याकाळी त्यांनी परस्परच गोपाळला सांगून टाकलं, "मालक नाही म्हणतात रे. सालात सुट्टी कुठं असते?"

"हाव," एवढंच म्हणून गोपाळनं झारा उचलला. त्या दिवसापासून त्याला ताट वाढताना त्या त्याच्या तोंडाकडे पाहत नसत.

पाडव्याला गोपाळची बायको रुख्मिणी गावाहून पोरीला घेऊन आली. मनकर्णाबाईंनी हात पुढे केले तर पोर मुकाट्यानं त्यांच्या मांडीवर बसली. गोपाळनं घ्यायला पाहिलं तशी भोकाड पसरून रडली.

"बापाले वळखत नाही," रुख्मिणी हसली. "म्हणते, कोण हा कढईवाला?"

गोपाळही हसला. मनकर्णाबाईंना हसता येईना.

"मंग गोपाळ, औंदा काय?" भगवंतरावांनी विचारलं. "धरतं का साल?"

"जायाचंच होतं, मालक. पण राह्यतो. तुमी नाही म्हणले, पण काकूनं माह्यासाठी शब्द तर टाकला. काकूसाठी राह्यतो."

भगवंतराव गोंधळले. "मी काय नाही म्हणलो बे?"

मनकर्णाबाई गप्प राहिल्या असत्या तर गोपाळ राहिला असता. मांडीवरची पोर त्यांच्या बांगड्यांशी खेळत होती.

"ह्यायले कोणी विचारलंच नव्हतं, गोपाळ," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं नाही. कढई रिकामी पडंल म्हणून."

मग रुख्मिणीनं वाकून पोर उचलून घेतली. गोपाळनं झारा धुऊन खुंटीला लावला, भगवंतरावांच्या पाया पडला. मनकर्णाबाईंपुढे क्षणभर थांबला, हात जोडले आणि बायकोमागून रस्त्याला लागला.

"आता गाडी येऊन राह्यली, कढईवर कोण बसंल?" भगवंतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते बोलणं जास्त लागलं.

मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि खुंटीवरचा झारा काढला. पहिल्या घाण्याच्या कचोऱ्या फुटल्या, तेल हातावर उडालं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

दुपारी साल धरायला नवा माणूस आला. भगवंतराव अटी सांगू लागले. कढईवरूनच मनकर्णाबाई म्हणाल्या, "घरी कोण कोण आहे, ते आधी विचारा त्याले."