घराच्या व्हिडिओसाठी उतरवलेला फोटो

घर विकायला व्हिडिओ टाकणाऱ्यांनो, आज माझं काय झालं ते ऐका.

आईचं डायलिसिस नागपूरला सुरू आहे. दर खेपेला भंडाऱ्याहून जाणं तिला झेपत नाही, म्हणून हे घर विकून तिकडेच राहायला जायचंय. मोबाईलवर शूट करून पहिला व्हिडिओ टाकला, पण एकही फोन आला नाही. दलाल म्हणाला, “भाऊ, हॉलमधला बुद्धाचा फोटो दिसून राहिला ना. तो काढा, मग पाहा.”

आज सकाळी फोटो उतरवला. आईने विचारलं, “कायले काढून राहिला बाबू?”

“काच चमकते, व्हिडिओ खराब येते,” मी खोटं बोललो.

नवा व्हिडिओ टाकला अन् दुपारी फोन आला. त्या माणसाला हॉल आवडला, अंगणातली विहीर आवडली. “रविवारी टोकन घेऊनच येतो,” म्हणाला. मग हळूच विचारलं, “आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं.

“बरं... घरी विचारून सांगतो.” त्यानंतर माझा फोनच उचलत नाही.

मघाशी आई म्हणाली, “आता तं व्हिडिओ झाला. फोटो लाव ना बाबू.”

तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडाने लावू?