विहिरीचा गाळ कुणी पसरला

आयुष्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी दादा विहिरीच्या काठावर बसून एका बस ड्रायव्हरच्या कोपरावर पाणी ओतत होता. ड्रायव्हरला नायटा झालेला, आणि या विहिरीच्या पाण्यानं तो जातो असं लोक मानायचे. दादा म्हणाला, "दवाखान्यातलं मलमही लाव हो. विहीर काही रागवत नाही."

"मग बरं कशानं होणार, मलमानं का पाण्यानं?"

"तुला बरं व्हायचंय की निकाल लावायचाय?"

ड्रायव्हर हसत हसत गेला. दादाची बहीण पायरीवर भांडी घासत होती. तिला सगळे चिमणी म्हणायचे. वय अठ्ठावन्न, वजन सत्तर किलो, पण दादानं लहानपणी ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. नवरा गेल्यावर ती भावाकडेच राहायला आली होती.

तेवढ्यात फोन आला. खोदकामवाल्या मॅडमचा. आसपासच्या शेतांतून वर्षानुवर्षं जुनी खापरं गोळा करत फिरणाऱ्या, पलीकडच्या टेकाडाखाली जुनी वस्ती आहे म्हणणाऱ्या, त्या मॅडम. त्यांचं पुस्तक होत आलं होतं. म्हणाल्या, रविवारी येते, विहिरीचं पान काकांना वाचून दाखवायचंय.

चिमणीचा हात थांबला. त्या पानावर गाळाचं असणार, आणि गाळाचं म्हणजे तिचं.

त्याचं असं झालं होतं. विहीर पूर्वी अर्धी बुजलेली. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दादा आत उतरून गाळ काढायचा, दरवर्षी हातभर आणखी खोल. पण तो गाळ टाकून द्यायचा नाही. परसात ओळीनं ढीग लावायचा, एका वर्षाचा एक, वर खुणेला वीट. असे एकतीस ढीग. बरं वाटलं की लोक विहिरीत काहीबाही टाकायचे, मणी, बटण, मातीचा एवढासा हात नाहीतर पाय. दादा म्हणायचा, कुणाचं तरी दुखणं आहे ते, उकिरड्यावर कसं टाकू?

मॅडमनी ते ढीग पाहिले आणि तिथंच मटकन बसल्या. "काका, शेतातलं सगळं नांगरानं इकडचं तिकडं झालंय. तुमच्याकडे मात्र वरच्या थरापासून खालच्या जुन्यापर्यंत ओळीनं आहे. कशाला हात लावू नका, मी माणसं घेऊन येते."

दादानं हे चिमणीला सांगितलं होतं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग दादा डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस दवाखान्यात गेला. डोळ्याला पट्टी घेऊन येईल, विटांना अडखळून पडेल, असं तिनं मनाला समजावलं. खरं म्हणजे त्या चिखलाचा आणि डासांचा तिला कंटाळा आला होता. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला आणि अर्ध्या तासात परस सपाट करून टाकलं.

दादा आला, एका डोळ्यानं बघितलं. त्या दिवशी जेवला नाही.

आठवड्यानं मॅडम चार माणसं आणि चाळण्या घेऊन आल्या. दादा म्हणाला, "मीच सपाट केलं. माझ्या ध्यानात राहिलं नाही."

"काका, मी हात जोडून सांगितलं होतं हो तुम्हाला."

चौघांतला एक हळूच म्हणाला, अडाणी माणसापुढं काय बोलायचं. चिमणी चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. तिनं सगळ्यांना कप दिले. रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

माती कुठं ढकलली, असं मॅडमनी विचारलं. दादा तर तिथं नव्हताच. त्यानं दिलं ठोकून, कुंपणाकडं. दोन दिवस ती माणसं कुंपणाशी माती चाळत बसली आणि रिकाम्या हातानं गेली. माती गेली होती दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पंपाकडं. चिमणी खिडकीतून बघत होती. सांगावं, तर तुम्हाला कसं ठाऊक असं विचारतील.

नंतर तिनं दादाला विचारलं, "का आळ घेतलास अंगावर?"

"तुझा चेहरा बघवेना. मला काय, अडाणी म्हणून घ्यायची सवय आहे."

याला चार वर्षं झाली. आणि आता हा फोन. चिमणी म्हणाली, "दादा, रविवारी मी सांगून टाकते."

"राहू दे गं. जुनं उकरणं हे मॅडमचं काम, आपलं नाही."

तिला हायसं वाटलं. पुढं तिला सगळ्यात जास्त लाज या हायसं वाटण्याचीच वाटली. कारण त्याच दुपारी जेवण झाल्यावर दादा म्हणाला, छातीत जड वाटतंय. ती रिक्षा घेऊन आली. दवाखाना येईपर्यंत तो गेला होता.

मॅडम तीन आठवड्यांनी भेटायला आल्या. रडल्या. म्हणाल्या, पानाचं नंतर बघू.

"वाचा," चिमणी म्हणाली.

त्यांनी वाचलं. विहिरीच्या रखवालदाराकडून हा गाळ अजाणता पसरला गेला, असं होतं.

"हे खोटं आहे. मी पसरला. तो दवाखान्यात होता. आणि अजाणता नाही, हात लावायचा नाही हे मला माहीत होतं."

मॅडमनी कागद खाली ठेवला. त्यांनी चार शब्द सुनवावेत असं चिमणीला फार वाटलं.

"त्या दिवशी आम्ही त्यांना काय काय बोललो," एवढंच मॅडम म्हणाल्या. मग परसाकडं बघत, "म्हणजे माती कुठं गेली ते तुम्ही पाहिलंय?"

"मीच हात करून दाखवत होते ट्रॅक्टरवाल्याला."

दोघी परसात गेल्या. चिमणी पंपाजवळ जाऊन उभी राहिली. मॅडमनी पिशवीतून खुंटी काढली, वाकून तिच्या पायाशी ठोकली.

"माती इथपर्यंत आली होती?"

"थोडं अलीकडं."

मॅडमनी खुंटी उपटली आणि अलीकडं ठोकली.