एका घरातले दोन बिरप्पा

नळ, घरपट्टी, दवाखाने, जन्म-मृत्यू अशा सोलापुरातल्या सगळ्या खात्यांची माहिती एका ठिकाणी आणायचं काम चाललं होतं. एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या की त्या जोडायच्या, ही प्रियदर्शनीची नोकरी. मैंदर्गीकडची धनगराची पोर, इकडची नावं हिला कळतील, म्हणून साहेबांनी तिलाच निवडलेलं.

तरी बिरप्पा सिद्धाप्पा बंडगर नावाच्या दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी तिनंच जोडल्या. नाव एक, घर एक, आणि एका नोंदीत जन्मतारीखच नाही. पिढ्यानपिढ्या आज्याचं नाव नातवाला ठेवायचं, की दोघांच्या बापांचं नावही आपसूक एकच येतं. तिच्या स्वतःच्या घरात हेच चालत आलेलं. पण त्या दुपारी तिचा हात चालत होता, डोकं नव्हतं. आज्याचा मृत्यू नातवाला चिकटला आणि रातोरात सगळ्या खात्यांत पोचला.

सोमवारी केराबाई नवऱ्याला, म्हणजे या नातू बिरप्पाला, धरून थेट कचेरीत आली. त्याचं रक्त दवाखान्यात मशीनवर धुवावं लागायचं. आज तिथल्या सिस्टरनं पडद्यावर पाहिलं, हा माणूस मयत आहे म्हणाली आणि त्याची पाळी दुसऱ्याला दिली.

बिरप्पा खुर्चीत टेकला. पाय सुजून चपलेबाहेर आलेले. "पोरी, मयताला च्या मिळतो का हितं?"

प्रियदर्शनीनं आज्या-नातवाच्या नोंदी वेगळ्या केल्या, क्षणाचं काम. पण दवाखान्यात फोन लावला तर तिथं तो अजून मयतच. साहेब म्हणाले, दुरुस्तीला सगळ्या खात्यांची मंजुरी लागते, बैठक गुरुवारी.

"चूक तर रातोरात गेली, सर."

"मृत्यूची नोंद लगेच जाते," साहेब म्हणाले. "नियमच तसा आहे."

केराबाई ऐकत होती. हे जोडलं कुणी, असं तिनं विचारलं.

"मी, मावशी."

"कुटली गं तू?"

"मैंदर्गीची. आमी पण बंडगरच."

"मंजी आमच्यातलीच की," केराबाई म्हणाली.

प्रियदर्शनी त्यांच्याबरोबर रिक्षातून दवाखान्यात गेली. हा जिवंत आहे, चूक माझी आहे, म्हणून सिस्टरला तिनं परोपरीनं सांगितलं. सिस्टर वाईट नव्हती. पडद्यावर नाव उघडल्याशिवाय मशीन देता येत नाही, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणाली. बिरप्पाच्या खाटेवर दुसराच कुणी निजलेला.

बाहेरच्या बाकावर बिरप्पाला धाप लागली. केराबाई पदरानं वारा घालत होती.

"गुरवारपत्तुर ह्याला कसा ठिवू, तेवढं सांग."

प्रियदर्शनीनं दुसऱ्या दवाखान्याला फोन लावला, मग तिसऱ्या. नाव सांगितलं की पलीकडचा माणूस जरा थांबायचा, आणि हलक्या आवाजात विचारायचा, "हे तर वारलेत ना?"