मास्तरांचा ताईत

त्या बाई दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांची सत्तावीस वर्षं गेली. सगळे त्यांना फोटोबाई म्हणत. "श्वास घ्या, रोखा, सोडा" हे त्या झोपेतही बडबडतात, असं त्यांचे यजमान सांगत.

एका सकाळी खोकल्यानं बेजार झालेले एक निवृत्त मास्तर आले. सोबत थोरली बहीण. सदरा काढला, तर गळ्यात काळ्या दोऱ्यात तांब्याच्या नळीचा ताईत.

"मास्तर, एवढा काढून ठेवा. फोटोत सावली येते."

"साठ वर्षांत काढला नाही हो."

"दोन मिनिटांचं काम. मी काय खाऊन टाकणार आहे?"

मास्तर हसले, पण ताईत धरूनच राहिले. "शब्द कुठला ठाऊक आहे? मूळ अरबी, तअवीज. म्हणजे आसरा मागणं. आपल्या तोंडात घासून घासून त्याचा ताईत झाला. लोक म्हणतात, ताईत राखतो. शब्द तसं म्हणत नाही, बाई. शब्द नुसता मागतो. देणारा कोण, ते सांगत नाही."

ताईत बहिणीच्या मुठीत गेला. फोटो काढून बाईंनी फिल्म उजेडावर धरली. छातीच्या मधोमध पेराएवढी पांढरी नळी.

फिल्म खराब असेल म्हणून त्यांनी दुसरा काढला. नळी होतीच, फक्त दोन बरगड्या वर सरकलेली. गळ्याच्या दिशेनं. आत मास्तर एकाएकी घसा धरून खाली बसले. तोंडातून शब्द फुटेना.

बाईंनी धावत जाऊन बहिणीच्या मुठीतून ताईत घेतला आणि मास्तरांच्या गळ्यात स्वतःच्या हातानं गाठ मारली. मास्तरांनी मोठा श्वास ओढला.

ताईत गळ्यात ठेवूनच तिसरा फोटो निघाला. फुप्फुसं स्वच्छ दिसली. तांब्याची सावलीसुद्धा नव्हती.

बाहेर बाकावर बाईंनी बहिणीला हळूच विचारलं, "आत काय घातलंय, ताई?"

"काही नाही गं. आई आत घालायला कागद लिहिणार होती, त्याआधीच गेली. हा रडायचा थांबेना, म्हणून मीच रिकामी नळी बांधली. त्याला अजून सांगितलं नाही."

मास्तरांचा खोकला औषधानं आठवड्यात गेला. पहिल्या दोन फिल्म बाईंनी कुणाला दाखवल्या नाहीत. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत गळ्यात ताईत दिसला की त्या एवढंच म्हणायच्या, "अंगावेगळा करू नका. मनगटाला बांधा, आणि हात लांब धरा."